एका जुन्या जावाचा जीर्णोद्धार

ज्या यंत्राचे उत्पादन त्याच्या कारखान्याने केव्हाच थांबवले, ज्याचे सुटे भाग कोणत्याही अधिकृत विक्रेत्याच्या फळीवर मिळत नाहीत आणि ज्याच्या नोंदणीची मुदत बहुधा मालकाच्याही नकळत संपून गेलेली असते, असे यंत्र पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी संसारी माणसे आपले रविवार आणि आपली शिल्लक का खर्ची घालतात, असा प्रश्न त्रयस्थाला पडणे अगदी साहजिक आहे. गतकाळाविषयीची ओढ हे त्याचे एक कारण खरेच. वडिलांनी किंवा मामांनी ज्या गाडीच्या टाकीवर बसवून आपल्याला गावभर फिरवले, ती गाडी भंगारात जाऊ नये असे कोणालाही वाटेल. परंतु याहून बळकट असे दुसरे एक कारण आहे, आणि ते यंत्राच्या रचनेतच सापडते. आजच्या वाहनात इंधन किती सोडावे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी हे एक सीलबंद इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते, आणि ती बिघडली म्हणजे निष्णात कारागिरालाही ती बदलण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. उलट पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलीतील प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते, बोटांना लागते आणि थोडी चिकाटी असेल तर सामान्य माणसाच्या बुद्धीला संपूर्णपणे आकळते. एखादे यंत्र आरंभापासून अंतापर्यंत आपल्याला समजले आहे, हे समाधान आता दुर्मीळ झाले आहे, आणि जुनी गाडी घरी सोडवून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला ते हमखास लाभते.

आपल्याकडे या कामासाठी निवडल्या जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत : तिरुवोत्तियूरची बुलेट, फरिदाबादची राजदूत, मुंबईत जुळवली जाणारी लॅम्ब्रेटा, आकुर्डीची बजाज, आणि या सर्वांत नवशिक्याने प्रथम हाती घ्यावी अशी, निदान माझ्या मते, म्हैसूरची जावा. प्राग येथील फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल तयार करण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांच्या रोमन लिपीतील पहिल्या दोन-दोन अक्षरांतून (Ja आणि Wa) हे नाव सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात कारखाना जर्मनांच्या अमलाखाली असताना तेथील अभियंत्यांनी गुप्तपणे एका नव्या अडीचशे सीसी गाडीचा आराखडा पुरा केला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती गाडी जगापुढे आली. तिच्याच वंशातील पुढचा नमुना आपल्याकडे आला. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी स्थापन केलेल्या आयडियल जावा कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. त्याचे उद्घाटन त्या वेळचे राज्यपाल आणि म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांनी केले. १९७३ पासून या गाड्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याचे दरवाजे बंद झाले. २०१८ पासून जावा या नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या आहेत, पण त्यांचे इंजिन चार-स्ट्रोक आहे आणि प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध केवळ नावापुरता आहे.

जुन्या जावाचे इंजिन दोन-स्ट्रोक. सिलिंडर एकच, त्याचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती. सिलिंडर एक असूनही त्याला धूर बाहेर जाण्याचे दोन मार्ग आहेत, म्हणून सायलेन्सर दोन, आणि त्या दोहोंतून निघणारा तो संथ, गोलसर आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगण्याची गरज नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाहीत, टॅपेट नाहीत. दट्ट्या, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच मुख्य हलते भाग, आणि नवशिक्यासाठी मी हीच गाडी सुचवतो त्याचे कारण हेच.

तथापि पाना हाती घेण्यापूर्वी दप्तर हाती घ्यावे. चौकटीवर उठवलेला चेसिस क्रमांक आणि इंजिनाच्या कवचावरील क्रमांक आर.सी. बुकातील नोंदींशी अक्षर न् अक्षर जुळतो की नाही, याची रुजवात घातल्याशिवाय पैसे देऊ नयेत. क्रमांकावर रंगाचे थर असतील तर ते थिनरने हलकेच काढावेत, पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासावी, म्हणजे उठावाची स्वच्छ प्रत कागदावर उतरते. परिवहन कार्यालयातही पुढे अशीच छाप लागते. खोडून पुन्हा उठवलेल्या अंकांची पातळी आणि कडा वेगळ्या दिसतात, आणि अशी शंका आली तर गाडी कितीही देखणी असो, व्यवहार तिथेच थांबवावा. विक्रीची सूचना नमुना २९ वर, मालकी हस्तांतराचा अर्ज नमुना ३० वर, आणि मूळ मालक मयत असल्यास वारसाचा अर्ज नमुना ३१ वर करावयाचा असतो. विक्रेत्याची सही पैसे देतेवेळीच घ्यावी, कारण पुढे पत्ता बदलतो, माणूस परगावी जातो आणि कागद अडून राहतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ‘एमएच’ची मालिका सुरू होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९८९ च्या आधीच्या गाड्यांना ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरे असत, आणि अशा कित्येक गाड्यांची नोंद कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरातच राहिलेली असते, संगणकावर चढलेली नसते. ती चढवून घेण्यासाठी रीतसर अर्ज, मूळ बुक आणि पुष्कळ सबुरी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्या गाडीचे कागद नाहीत ती गाडी कितीही सुरेख झाली तरी घराबाहेर काढता येत नाही, हे ध्यानात ठेवून ते आधी उरकावे.

याच संदर्भात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या एका नियमाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, ती दहा वर्षे चालते, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. परंतु या नियमातली खरी लक्षणीय अट निराळीच आहे : वाहन मूळ स्वरूपात राखलेले असले पाहिजे, त्याच्या चौकटीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जे जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांनी आपण होऊन ओळखायचे, ते इथे कायद्याने लिहून ठेवले आहे.

आणि माझे या विषयातील मुख्य म्हणणेही हेच आहे. जुनी मोटारसायकल नवी करणे हे ध्येय नव्हे. तिच्यात मूळचे काय आहे, नंतरचे काय आहे आणि नंतरच्यापैकी सुद्धा काय राखण्यासारखे आहे, याचा निवाडा करणे हे खरे काम. पाने आणि पेचकस हे त्या निवाड्याची अंमलबजावणी करतात इतकेच. म्हणून पहिले काही दिवस एकही नट न सोडवता गाडीचे नुसते निरीक्षण करावे. लोहचुंबक दोऱ्याला बांधून मडगार्डवरून आणि टाकीवरून फिरवावे. जिथे ते निसटते, तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे आणि त्याखाली कधी काळचा पोचा किंवा भोक दडलेले आहे, असे समजावे. माझ्याकडे जी जावा आली ती नखशिखांत काळ्या रंगाची होती. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूस, आसनाच्या खाली, बारीक पॉलिश पेपर ओला करून रुपयाएवढ्या जागेवर गोल-गोल घासत गेलो, तेव्हा काळ्याच्या आत निळ्याचे एक वर्तुळ उमटले, निळ्याच्या आत पिवळट लांबीचे, त्याच्या आत करड्या अस्तराचे, आणि अगदी मध्यभागी गर्द मरून रंगाचा एक ठिपका दिसला, जो म्हैसूरच्या भट्टीत भाजला गेल्यापासून कोणाच्याही दृष्टीस पडला नसावा. एवढ्याशा जागेत त्या गाडीच्या साऱ्या मालकांची आवडनिवड थरावर थर रचून ठेवलेली होती. रंग कोणता द्यावा या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात शोधावे लागले नाही.

निरीक्षणानंतर सोडवणे, आणि सोडवताना नोंदी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, वायरींना रंगाप्रमाणे चिठ्ठ्या बांधाव्यात, आणि सुटलेला नट वॉशरसकट त्याच्याच बोल्टावर हाताने परत चढवून ठेवावा; ही शेवटची सवय जुन्या फिटर मंडळींची, आणि तिने जेवढा वेळ वाचतो तेवढा इतर कशाने वाचत नाही. गंजलेला नट जबरदस्तीने फिरवू नये, कारण आटे मेले की दोन मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. आदल्या रात्री पातळ तेल सोडावे, सकाळी ठोके द्यावेत, मग उष्णता द्यावी. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादाचे. तापवल्यावर ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि म्हणून ताकदीला न जुमानणारा स्क्रू उष्णतेला वश होतो. बेअरिंग काढतानाही हाच न्याय. क्रँककेसचा अर्धा भाग पाण्याचा थेंब पडताच तडतडून उडेल इतका तापवून लाकडी फळीवर हलकेच आपटला, तर बेअरिंग आपल्या वजनाने बाहेर पडते. आणि नवे बेअरिंग रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले असेल, तर ते तापलेल्या खोबणीत हातोडीशिवाय उतरते. घरातल्या मंडळींची परवानगी मात्र या कामी आधी काढलेली बरी.

आता इंजिनाकडे वळू, कारण या गाडीचे सारे मर्म तिथे आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या वर जाऊ लागला की त्याच्या खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवेचा दाब कमी होतो आणि कार्ब्युरेटरातून पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरच्या भिंतीतील मार्गांनी वर चढते, तिथे पुन्हा दाबले जाऊन ठिणगीने पेटते, आणि जळलेला वायू दोन्ही सायलेन्सरांतून बाहेर पडतो. म्हणजेच क्रँककेस ही केवळ क्रँक ठेवण्याची पेटी नसून इंजिनाचा तो श्वासाचा भाता आहे, आणि भात्याला भोक पडले तर भट्टी पेटत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली रबराची ऑइल सील हे भोक बंद ठेवतात. त्यांची किंमत जुजबी असते, पण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ती कडक होऊन चिरतात, आणि मग जे रोग उद्भवतात ते कार्ब्युरेटरचे समजून लोक महिनोन् महिने कार्ब्युरेटर साफ करीत बसतात.

या दोन सीलांची लक्षणे वेगवेगळी आहेत आणि ती माहीत असली की निदान निम्मे झाले. डाव्या बाजूस क्रँकचे टोक प्रायमरी चेन आणि क्लच यांच्या कप्प्यात जाते, जिथे गिअरचे तेल असते. त्या बाजूचे सील फाटले तर इंजिन ते तेल ओढून जाळू लागते, पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी बाहेर कुठे गळती नसतानाही घटत जाते. उजव्या बाजूस डायनॅमो आहे, तिथे तेल नाही. त्या बाजूचे सील फाटले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, इंजिन थ्रॉटल सोडल्यावरही आपोआप चढत राहते आणि दट्ट्या अवाजवी तापून अखेरीस सिलिंडरात अडकण्याचा संभव असतो. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह तपासणी : काळा व ओला असेल तर मिश्रण अथवा तेल जास्त, पांढराफटक असेल तर मिश्रण विरळ, आणि भाजलेल्या विटेसारखा तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक.

सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. बाजूला किंचित हालचाल असणे हे योग्यच आहे. परंतु वर-खाली ओढताना ‘टक्’ असा सूक्ष्मसा धक्का जरी बोटांना जाणवला, तरी खालचे रोलर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. हे काम घरी होण्यासारखे नाही. क्रँकच्या दोन चकत्या एका पिनवर प्रचंड दाबाने बसवलेल्या असतात, त्या प्रेसवर सुट्या करून, नवी पिन व नवा रॉड घालून, पुन्हा अशा जोडाव्या लागतात की दोन्ही टोकांचा फरक डायल गेजवर मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे जाऊ नये. सिलिंडरचे बोअरिंगही तसेच. झिजलेला सिलिंडर पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठा करून त्यास ओव्हरसाइज दट्ट्या व रिंगा घालतात, आणि इथे एक पथ्य काटेकोरपणे पाळावे : आधी दट्ट्या विकत घ्यावा, तो बोअरिंगवाल्याच्या हाती द्यावा आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापून घ्यावा. ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो, म्हणून दोहोंतील फट नेमकी लागते. ती कमी पडली तर गाडी घाटात अडकते आणि जास्त झाली तर दट्ट्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो.

सुदैवाने अशा कामाची माणसे महाराष्ट्रात अजून आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या लेथ, ओतकाम आणि ऑइल इंजिने यांत रमलेली वस्ती आहे, आणि तुटलेला भाग नमुन्यादाखल समोर ठेवला तर हुबेहूब तसा दुसरा वळवून देणारे टर्नर अशा वस्त्यांतच भेटतात. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे करोल बाग आणि, नशीब बलवत्तर असेल तर, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. येझदीचे पुष्कळ भाग जावाला जसेच्या तसे बसतात, ही मोठीच सोय आहे. दुर्मीळ झाले आहेत ते इंजिनाचे भाग नव्हेत, तर बिनमहत्त्वाचे म्हणून लोकांनी फेकून दिलेले पत्र्याचे भाग. जावाची मागची चेन संपूर्ण बंद आवरणात असते, चिखल आणि धूळ यांपासून तिचे रक्षण व्हावे म्हणून. टायर काढताना अडचण होते या सबबीवर कित्येकांनी ती आवरणे काढून टाकली, आणि आज गाडीत एखादे शाबूत आवरण असणे हे तिच्या रंगापेक्षा आणि चकाकीपेक्षा मोलाचे आहे.

जावाचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डाव्या पायाशी जो एकच दांडा असतो, तोच किकचा आणि तोच गिअरचा. आत दाबून वर फिरवला की किक, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो खाली-पुढे आणला की गिअर. इतकेच नव्हे, तर पायाने गिअरचा दांडा हलू लागताच त्याच्या पहिल्या किंचित हालचालीने आतील यंत्रणा क्लच उचलते आणि उरलेल्या हालचालीने गिअर बदलते, म्हणजे डाव्या हाताची मूठ न दाबताही चारही गिअर पडू शकतात. १९४६ च्या त्या युद्धोत्तर नमुन्यातच ही योजना होती. बहुतेक जुन्या गाड्यांत ही यंत्रणा निकामी झालेली आढळते, परंतु तिचे कारण नव्वद टक्के वेळा झीज नसून चुकीची जुळणी असते. क्लचची तार आणि आतला समायोजन-स्क्रू यांत पुस्तिकेत सांगितलेला ढिलेपणा ठेवला की ती पुन्हा काम करू लागते. पुढच्या मालकांना ती ठाऊकच नसल्यामुळे कोणी तिच्या वाटेला गेलेले नसते.

विजेच्या कामाला लोक अकारण भितात. सहा व्होल्टचा डायनॅमो, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि मोजक्या वायरी, एवढाच पसारा. डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलावेत, तांब्याच्या पट्ट्यांवरील काजळी बारीक पेपरने काढावी, पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवावी, आणि दिवे मंद असतील तर बल्बला दोष देण्यापूर्वी अर्थची जोडणी पाहावी, कारण नवा रंग दिलेल्या चौकटीवर अर्थची वायर रंगाच्या थरावरच आवळली जाण्याचा प्रमाद सर्रास घडतो. सहा व्होल्टची योजना काढून बारा व्होल्टची बसवावी काय, याविषयी दोन पक्ष आहेत. ज्याला गाडी नित्य वापरायची आहे आणि रात्री हमरस्त्याने जायचे आहे, त्याने हा बदल केल्यास मी त्याला नावे ठेवणार नाही. मात्र बदल असा असावा की मूळचे काहीही न कापता, न वेल्ड करता, पुढच्या माणसाला तो पुसून टाकता यावा, आणि काढलेला मूळ डायनॅमो कापडात गुंडाळून जपून ठेवावा. नव्या डिस्क ब्रेकसाठी मूळ फोर्क कापणे, रुंद टायरसाठी चौकट वाकवणे, हे प्रकार माझ्या दृष्टीने अक्षम्य आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केलेली आहे.

टाकीचा गंज काढण्याची एक पद्धत घरी सहज करण्यासारखी आहे. टाकी पाण्याने भरावी, त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा, टाकीच्या तोंडातून साध्या लोखंडाची एक सळई आत कुठेही न टेकेल अशी लोंबती सोडावी, आणि बॅटरी चार्जरचे धन टोक सळईला व ऋण टोक टाकीला जोडावे. काही तासांत गंज सुटून सळईवर आणि पाण्यात जमा होतो व टाकीचा पत्रा शाबूत राहतो. सळई स्टेनलेसची कदापि वापरू नये, कारण तिच्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. नंतर टाकी धुऊन, पूर्ण वाळवून आतून तेलाचा हात फिरवावा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या धर्तीच्या रबराला व बुचाला मऊ करते, म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकमधील सील नव्या प्रतीची घालावीत आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

ब्रेकविषयी थोडक्यात, पण कळकळीने सांगायचे ते असे, की जुन्या ब्रेक-शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा दाट संभव असतो. ड्रम उघडल्यावर त्यातील भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. तोंडाला मास्क असावाच.

रंगाचे आणि क्रोमचे काम शेवटी येते, आणि बहुतेकांचा सर्वाधिक पैसा तिथेच जातो. तांबे, निकेल व क्रोम असे थर चढवण्याचे काम विषारी रसायनांचे असल्याने ते घरी करू नये. हार्डनर मिसळलेला आधुनिक रंग फवारणेही फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा घासणे, लांबी काढणे, अस्तर देणे इथपर्यंत आपण करावे आणि अखेरचा हात बूथ असलेल्या रंगाऱ्याकडून घ्यावा. पण बोलायचे आहे ते प्रमाणाविषयी. म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी ही कामाची वस्तू होती. तिच्या टाकीच्या बाजू क्रोमच्या होत्या, पण इंजिनाच्या कवचाला आरशाची चकाकी नव्हती आणि नट-बोल्ट सोनेरी नव्हते. आज प्रदर्शनांत दिसणाऱ्या कित्येक गाड्या मूळ कधी नव्हत्या इतक्या झगमगीत असतात, आणि त्या झगमगाटात आयडियल जावाची गाडी हरवून जाते. जिथे मूळ रंग सत्तर टक्के टिकलेला आहे, तिथे तो पुसून नवा देण्यापेक्षा हलके पॉलिश करून तसाच ठेवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. नवा द्यावाच लागला तर मडगार्डवरची आणि हत्यारांच्या पेटीवरची बारीक सोनेरी रेघ स्टिकरने न चिकटवता कुंचल्याने ओढून घ्यावी. गावोगावी अजून एखादा वयस्क साइनबोर्ड पेंटर असतो. माझ्या गाडीवर रेघ ओढणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मोजपट्टी हातात घेतली नाही. करंगळी मडगार्डच्या कडेवर टेकवली, खारीच्या केसांचा लांबट कुंचला रंगात बुडवला, श्वास रोखला आणि पाठीमागे चालत-चालत एका दमात पुरी रेघ ओढली. जवळून पाहिले तर तिची जाडी सुरुवातीला केसभर जास्त आहे, आणि ती तशीच असावी.

सर्व जुळून आल्यावर पेट्रोलमध्ये दर लिटरला तीस ते चाळीस मिलिलिटर टू-टी तेल मिसळावे. प्लग काढून सिलिंडरात थोडे तेल सोडावे आणि इंजिन हाताने अनेकदा फिरवून ते सर्वत्र पसरू द्यावे. मग प्लग कवचाला टेकवून, किक मारून ठिणगी पाहावी. निळसर व कडकडीत ठिणगी दिसली तरच प्लग बसवावा. कार्ब्युरेटरवरील टिकलर पेट्रोल पाझरेपर्यंत दाबून, थ्रॉटल किंचित उघडून किक मारावी. नव्या दट्ट्याच्या इंजिनाला पहिले हजारेक किलोमीटर ओझे देऊ नये, एकाच वेगाने फार वेळ पळवू नये, चौथ्या गिअरमध्ये रेटू नये आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरांना थोडे थांबून गार होऊ द्यावे. पहिल्या दीर्घ फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, सिलिंडर हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत, आऱ्यांचा ताण बोटाने वाजवून पाहावा, आणि गिअरबॉक्सचे तेल काढून स्वच्छ पांढऱ्या कापडावर ओतावे. पहिल्या तेलात धातूचा चुरा थोडा दिसणारच. दुसऱ्यात तो दिसला नाही, तर घाटाचा रस्ता धरायला हरकत नाही.